पऱ्हाट्यांचा धूर

पुणे,
१२ जानेवारी

प्रिय भो,

तुमच्या खानदेशात भावाला 'भो' म्हणतात, म्हणून होस्टेलात तुला याच नावानं हाक मारायचो, आता कशाला बदलू?

अखेर तुझं गाव पाहून आलो. तेही टेम्पो ट्रॅव्हलरचं घर केलेली गाडी भाड्यानं घेऊन! आत दोन बाक, रात्री त्यांचाच पलंग, गॅसची शेगडी आणि ताटही धड मावणार नाही असं बेसिन. हिनं आठ दिवसांचा किराणा भरला होता. डाळतांदूळ होते तसे परत आले.

गाडी चालवायचं काम हिचं. माझं काम गावात शिरताना खाली उतरून लोंबत्या तारांवर नजर ठेवायचं. मागे पोरांची वरात. सांडपाण्याची टाकी कुठे ओतायची हा रोजचा घोर, त्यावर जास्त लिहीत नाही. अमळनेरजवळच्या ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. काळा रस्सा, वर तेलाचा तवंग. शेव मी आधीच ओतली आणि लगदा करून बसलो. वाढणाऱ्या पोराला माझी दया आली.

पुढे असोद्याला, बहिणाबाईंच्या माहेरी, थोडं थांबून तापी ओलांडली आणि तुझ्या दादांच्या शेतात गाडी लावली. परत जायची घाई नव्हती, घर सोबतच होतं. दादांनी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या. त्या भसकन जळतात, म्हणून एक माणूस सारखा घालत बसलेला. त्यावर ती हातभर लांब, पोपटी वांगी. साल काळी पडून गळायला लागली की सोलायची आणि लाकडी भांड्यात ठेचायची. मग तेलात लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, आणि वरून कांद्याची पात. हळद नाही, टोमॅटो नाही. आमच्याकडचं दही घातलेलं भरीत आठवून मी गप्प बसलो. केळीच्या पानावर भरीत आणि कळण्याची भाकरी. ज्वारीत अख्खे उडीद दळलेले, त्यामुळे ती जरा खरबरीत लागते, पण तिच्याशिवाय मजा नाही.

तू डब्यातून आणायचास ते भरीत आम्ही मिटक्या मारत खायचो आणि तू म्हणायचास, "हे काही खरं नाही." आम्हाला वाटायचं, साहेब भाव खातात. त्या रात्री दोनदा वाढून घेतलं. तिसऱ्यांदा मी नको म्हटलं, तर दादा म्हणाले, "बस ना भो, झोपायचं तर इथंच आहे."

निघताना वहिनींनी पोतंभर वांगी गाडीत टाकली. इथं घरी गॅसवर भाजून पाहिली. वांगी तीच, पण चव डब्यातल्यासारखी. तू आलास की पुन्हा जाऊ, पण हुरडा संपायच्या आत ये.

आणि हो, गाडी परत दिली तेव्हा मालकानं पडद्याला नाक लावलं आणि घाबरून विचारलं, "साहेब, आत काही पेटलं होतं का?"

तुझा,
बाळ्या