बाबांच्या प्रश्नाचे उत्तर

दापोली,
दि. १२ ऑगस्ट

तीर्थरूप बाबा व आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

"तेरा वर्षे गणित शिकवल्यावर आता पुस्तकांची देवघेव करत बसणार का?" हा बाबांचा प्रश्न रविवारपासून माझ्या मनात आहे. फोनवर मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र. राजीनामा मंजूर झाला आहे आणि एक तारखेपासून मी येथील तालुक्यातील एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून रुजू होत आहे.

काही वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीने मला तासाला विचारले होते, की भरती रोज जवळजवळ पन्नास मिनिटे उशिरा का येते. तिचे वडील हर्णै बंदरातून होडी नेत असत, त्यामुळे तिच्या घरी हा रोजचाच विषय होता. पोर्शन मागे पडला होता, समोर अठ्ठावन्न मुले होती; मी "नंतर सांगते" म्हटले आणि ते नंतर कधी आलेच नाही. पुढे मुक्त विद्यापीठाच्या बी.लिब. या ग्रंथालयशास्त्राच्या पदवीच्या प्रात्यक्षिकासाठी मी वाचनालयात बसू लागले, तेव्हा चंद्र आणि समुद्र यांविषयीचे एक सोपे, सचित्र मराठी पुस्तक हाती लागले, ज्याच्या तारीखचिठ्ठीवर, म्हणजे पुस्तक घरी नेल्याची तारीख उमटवतात त्या कागदावर, अकरा वर्षांत एकही शिक्का पडलेला नव्हता. तोवर ती मुलगी शिकायला बाहेरगावी गेली होती. पुस्तक आणि वाचक इतकी वर्षे एकाच गावात होते, आणि त्यांची गाठ घालून देणारे कोणी नव्हते.

बाबा, ज्यांचा जन्मदिवस आज ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात, ते डॉ. रंगनाथनसुद्धा गणितच शिकवत असत. १९२४ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून ते विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून गेले, आणि सुरुवातीला त्या शांततेला कंटाळून परत वर्गात येऊ पाहत होते. इंग्लंडमधली ग्रंथालये पाहिल्यावर मात्र त्यांचे मत पालटले. "प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक" ही त्यांच्या १९३१ च्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी दोन सूत्रे अभ्यासताना मला ती मुलगी आठवत राहिली.

हे नुसते बसण्याचे काम नाही. आलेल्या पुस्तकांची दाखल नोंदवही, विषयवार वर्गीकरण, पुस्तकांची तालिका म्हणजे सूची हे तर आहेच, पण आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर पुस्तके जगवणे हेच मोठे काम आहे: कपाटे भिंतीपासून सुटी ठेवावी लागतात, बुरशी कोरड्या ब्रशने पुसावी लागते, कसर आणि वाळवी यांवर रोज नजर ठेवावी लागते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातील ग्रंथही भिजले. त्या बातमीने तुम्ही दोन दिवस नीट जेवला नव्हता, हे आईने मला सांगितले होते. मला रत्नागिरीच्या नगर वाचनालयात, १८२८ पासून चालत आलेल्या त्या संस्थेत, शनिवारी बोट धरून तुम्हीच नेत होता. माझा निर्णय तुम्हाला परका वाटू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

आई, पगार निम्म्याहून कमी होईल, हे तुझ्यापासून लपवत नाही. आम्ही दोघांनी घराचा हिशेब मांडला आहे; कर्जाचे हप्ते पुढच्या वर्षी संपतात, तोपर्यंत काटकसर करावी लागेल. तुझ्या औषधांच्या पैशांत काही फरक पडणार नाही.

गणपतीला चार दिवस आधी येते. बाबा, माळ्यावरच्या पेटीतील जुने दिवाळी अंक कोणाला देऊ नका आणि ओलसर वाटले तरी उन्हात घालू नका, कागद तडकतो. पेटी फक्त माळ्यावरून खाली, कोरड्या जागी काढून ठेवा, बाकीचे मी आल्यावर आपण दोघे मिळून पाहू.

आपली,
माई