टपालवाल्या पलटणीचा मान

महोदय,

रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये उमेदीची वर्षं काढल्यामुळे अर्धवट पत्त्याचं पाकीट किती जीव खातं, ते मला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच अमेरिकी लष्कराच्या ६८८८व्या टपाल बटालियनबद्दल लिहावंसं वाटलं.

मेजर चॅरिटी अ‍ॅडम्स यांच्या हाताखालच्या ८५५ महिला, जवळपास सगळ्या कृष्णवर्णीय, दुसऱ्या महायुद्धात, १९४५च्या फेब्रुवारीपासून इंग्लंडात बर्मिंगहॅमला पोचू लागल्या. काळ्या रंगवलेल्या खिडक्यांची गारठलेली गोदामं, घरून आलेल्या केकच्या खोक्यांवर पोसलेले उंदीर आणि युरोपातल्या अमेरिकी सैनिकांसाठी आलेली, साठलेली सुमारे १ कोटी ७० लाख पत्रं-पार्सलं! एकट्या ‘रॉबर्ट स्मिथ’ नावाचे ७,५०० सैनिक. लष्करी क्रमांकावरून नेमका माणूस हुडकायचा. तीन पाळ्या, एका पाळीत ६५ हजार नग. सहा महिन्यांचं काम त्यांनी तीन महिन्यांत उरकलं. (आमच्या साहेबांना हा आकडा कळला नाही, हे आमचं नशीब.) राहणं-जेवणं मात्र गोऱ्यांपासून वेगळं. सैन्यातल्या वर्णभेदाविरुद्धचा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश निघाला १९४८ मध्ये. तोवर ही पलटण कसल्याही समारंभाविना मोडली गेली होती.

अमेरिकी काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, सुवर्णपदक हाती पडलं २०२५ मध्ये. अ‍ॅडम्स २००२ मध्येच गेल्या होत्या. २०२३ मध्ये व्हर्जिनियातल्या फोर्ट ली या लष्करी तळाला, गुलामगिरीवाल्या दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांचं नाव काढून, लेफ्टनंट जनरल आर्थर ग्रेग यांच्यासोबत त्यांचं नाव दिलं, ते दोन वर्षांत उतरवलंही. ‘ली’ परत आला. आता म्हणे तो फिट्झ ली, स्पेनविरुद्ध लढलेला कृष्णवर्णीय जवान. त्याचा मान त्याला जरूर मिळावा. पण त्यासाठी अ‍ॅडम्स यांचीच पाटी सापडावी?

– एक निवृत्त टपाल कर्मचारी, सोलापूर