निखाऱ्यावर वाळू टाकू नका

चि. वैशू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल टाकलंय, सकाळी उतरवून घे. वांगी बामणोदचीच आहेत, मम्मीने एकेक दाबून पाहून घेतली. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ वेगळ्या पिशवीत आहे. कांद्याची पात आणि हिरव्या मिरच्या तिकडेच घ्या, प्रवासात माना टाकतात. पिठाच्या पिशवीतच हे पत्र ठेवतोय, म्हणजे हाताला लागेल.

काल फोनवर तुझा आवाज चढला आणि मग बोलणंच झालं नाही. जाऊ नको असं मी म्हणालोच नव्हतो. शेकोटी कुठे करणार, कोण विझवणार, एवढंच विचारत होतो. तू म्हणालीस, "पप्पा, मी काय आता लहान आहे का?" नाहीस. आजीसुद्धा खाटेवरून म्हणाली, "जाऊ दे ना तिले." तेव्हा जा. आपल्या घरातून रात्रीचा समुद्र अजून कोणी पाहिलेला नाही. मी भरती-ओहोटी फळ्यावर खडूने चंद्र काढून शिकवली, आणि माझी मुलगी पौर्णिमेच्या रात्री कोकणात आंजर्ल्याला तंबू टाकून ती प्रत्यक्ष पाहणार. याचं मला किती अप्रूप आहे, हे फोनवर सांगायचं राहूनच गेलं.

आता फक्त एक गोष्ट. शेकोटी वाळूने बुजवू नका. पाण्याने विझवा.

एवढंच लिहून पत्र संपवणार होतो. पण नुसतं सांगितलं तर तू "हो पप्पा" म्हणशील आणि विसरशील, म्हणून थोडं लिहितो.

गोलूच्या पायाचं तुला माहीत आहे. पण त्या सकाळी तू आणि दादू वर गाडीत झोपला होतात, तुम्ही फक्त त्याचं ओरडणं ऐकलं. खाली काय झालं ते तुला कोणी नीट सांगितलेलं नाही. संक्रांतीचा दिवस, आपण तापीवर अंघोळीला गेलेलो. आदल्या रात्री तिथे कोणाची तरी भरीत पार्टी झाली होती. वांग्यांची जळकी सालं आणि कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे तुकडे पडलेले होते. त्या लोकांनी आपल्या समजुतीने काम चांगलं केलं होतं. आगटीवर वाळू ओढून, पायाने चोपून, जागा अगदी सारखी करून गेले होते. वर पाहिलं तर गार, स्वच्छ वाळू. धूर नाही, वास नाही. गोलू पाण्याकडे पळत सुटला आणि डावा पाय घोट्यापर्यंत आत गेला. चार वर्षांचं पोर. दुखलं की पाय मागे ओढावा, एवढंही त्याला सुचलं नाही. तो तिथेच उभा राहून ओरडत राहिला. उचलला तेव्हा तळव्याला तापलेली वाळू चिकटलेली होती आणि झटकली तरी ती सुटत नव्हती. आत्या हळद शोधायला लागली, कोणीतरी टूथपेस्ट म्हणालं. पलीकडच्या नावाड्याने कोणाचंच ऐकलं नाही. त्याने पोराला मांडीवर घेतलं आणि प्यायच्या पाण्याची कळशी हळूहळू त्या पायावर ओतत राहिला. एक संपली, दुसरी मागवली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाय वाचला तो या पाण्याने. गोलू अजून उन्हाळ्यातही मोजा का घालतो, हे तुमच्या पिढीत तुला तरी माहीत असावं.

त्यामागचं कारण सोपं आहे. लालबुंद निखारा ५०० अंश सेल्सिअसच्या वर असतो. उघडा राहिला तर त्याला हवा मिळते, तो जळून लवकर राख होतो. वाळू टाकली की हवा तुटते. जाळ विझतो, पण निखारा संपत नाही, नुसता मंदावतो. आणि वाळूतून उष्णता सहजी बाहेर पडत नाही, त्यामुळे आतली धग रात्रभर आत राहते. सकाळपर्यंतसुद्धा. माणसाची कातडी भाजायला ६० अंश आणि काही सेकंद पुरतात. तुम्ही तोपर्यंत तंबू गुंडाळून निघालेले असाल. तिथे सकाळी कोण येईल? जाळी ओढणारे कोळी, शिंपल्या वेचणाऱ्या बायका, त्यांची पोरं, सगळे अनवाणी. तुझ्यामागून तिथे पाय टाकणाऱ्याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही, वैशू. तुझी काळजी आहेच, पण तू तरी निखारा कुठे होता ते जाणतेस. त्याला ते माहीत नसणार.

म्हणून झोपायच्या निदान अर्धा तास आधी लाकूड घालणं बंद करा. आहे ते जळू द्या. मग वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि बादलीने हळूहळू पाणी ओतायचं. एकदम ओतलं तर वाफेचा आणि राखेचा भपकारा तोंडावर येतो. ओतलं की काठीने ढवळायचं, ओंडके उलटे करायचे, खालची वाळूही उकरायची. परत पाणी. चुरचुर आवाज थांबेपर्यंत. मग तळहाताची मागची बाजू वरून धरायची आणि गार वाटली तरच हात लावून बघायचा. जरा जरी कोमट लागलं तर अजून एक बादली. समोर अख्खा समुद्र आहे, पाण्याची काटकसर कशाला? आमच्यासारखं विहिरीवरून आणायचं नाही. बादली मात्र आधीच भरून शेकोटीजवळ ठेवायची. जाळ पेटल्यावर बादली शोधायची नसते.

आणि ती जबाबदारी एकाची ठेवा. "सगळ्यांनी बघायचं" म्हटलं की कोणीच बघत नाही, हे मी शाळेच्या प्रत्येक सहलीत पाहिलंय. तू घे म्हणतो मी. तुझ्या गटात चुलीजवळ वाढलेली तू एकटीच आहेस. तू सहावीत होतीस तेव्हा मळ्यात भरीत करताना काकांनी तुला पऱ्हाट्यांचा जाळ सांभाळायला बसवलं होतं, आठवतं? देठाला धरून एकेक वांगं फिरवत होतीस, साल काळी पडून तडकली आणि रस चर्र करून ठिबकला की बाजूला काढत होतीस. एकही कच्चं नाही, एकही करपलेलं नाही. आजीने लाकडी बडगीत भरीत ठेचताना सगळ्यांसमोर सांगितलं होतं की ही पोरगी विस्तव ओळखते. त्या दिवशी तुझ्या गालाला राख लागली होती आणि तू ती पुसू देत नव्हतीस. मला त्या वेळी वाटलं होतं की ही कुठेही गेली तरी...

असो. जागेचं सांगायचं राहिलं.

शेकोटी भरतीच्या रेषेच्या खाली, ओल्या घट्ट वाळूवर करा. शेवाळ, काटक्या, शंख यांची एक ओळ किनाऱ्यावर लांबपर्यंत पडलेली असते, तीच ती रेषा. वरच्या कोरड्या वाळूवर मर्यादवेल असते, तिने ती वाळू धरून ठेवलेली असते, तिच्यावर जाळ नको. आणि सुरूच्या बनात तर अजिबातच नको. सुरूखाली वाळक्या काड्यांचा जाड थर असतो, एक किटाळ पुरतं. आपण गच्चीवरून सातपुड्यात उन्हाळ्यात आगीच्या माळा बघतो ना, त्या अशाच खालच्या पाल्यातून सरकत जातात.

पण शनिवारी पौर्णिमा आहे, उधाणाची भरती. आपल्या शाळेत गुहागरकडचे सर होते, तुला ज्यांनी शंख दिला होता, त्यांनी मला हिशोब शिकवला होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे रात्री साधारण सव्वाअकराला पाणी पूर्ण वर असेल, आणि उधाणाला ते नेहमीपेक्षाही वर येतं. हा ढोबळ हिशोब आहे, नेमकी वेळ गावातल्या कोळ्यांना विचारा. शेकोटी साडेनऊ-दहाला आटोपलेली बरी. "भरती येऊन विझवेलच की" असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. लाट अर्धवट जळलेले ओंडके उचलून दुसऱ्याच्या किनाऱ्यावर नेऊन टाकते. तंबू रेषेच्या बराच वर लावा.

आता वारा. खारे वारे, मतलई वारे मीच तुला शिकवले होते, पेपरात तू आकृतीसुद्धा काढली होतीस. संध्याकाळी वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, म्हणजे ठिणग्या तुमच्या तंबूंकडे. म्हणून तंबू शेकोटीच्या थेट वरच्या अंगाला नको, एका बाजूला आणि पंधरा-वीस पावलं लांब हवेत. नायलॉनच्या कापडाला ठिणगी लागली की ते वितळून अंगाला चिकटतं. रात्री उशिरा वारा फिरतो, तेव्हा पुन्हा बघा. जोराचा वारा असेल तर सरळ शेकोटी रद्द करा. वांगी तव्यावर भाजली जातात. चव येणार नाही, पण भाजली जातात.

लाकूड गावातून कोरडं सरपण विकत घ्या, मनगटाएवढं जाड, आणि जाळ गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका. समुद्राने आणून टाकलेलं लाकूड गोळा करू नका. मिठात मुरलेलं लाकूड जळताना डायॉक्सिनसारखे विषारी वायू सोडतं, त्यावर वांगं भाजायचं म्हणजे काय? मोडक्या होड्यांच्या फळ्यांना रंग असतो, खिळे असतात. लाकूड जळून जातं, खिळे वाळूत उरतात. चूल मांडायला समुद्रातले ओले दगडही नकोत. आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. पेट्रोल, सॅनिटायझर जाळावर ओतणारा एक तरी मित्र प्रत्येक गटात असतो, त्याला आधीच सांग. आणि थंडी वाजली म्हणून शेगडी किंवा निखारे तंबूत नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही.

परत भाषण झालं. मम्मी मघाशी येऊन बघून गेली, म्हणाली अजून संपलं नाही का. माफ कर, इतकं लिहायचं नव्हतं.

पण कासवांचं सांगतो, हे तुलाही आवडेल. नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासविणी कोकणच्या किनाऱ्यांवर रात्री अंडी घालायला येतात. वेळासला त्यांच्यासाठी महोत्सव भरतो, आंजर्ल्यालाही त्यांची घरटी असतात. अंड्यांतून बाहेर आलेली पिल्लं ज्या बाजूला उजेड दिसेल तिकडे चालतात. माणूस नसेल तर तो उजेड समुद्राचा असतो. तुम्ही मोठा जाळ केला तर ती तुमच्याकडे येतील, समुद्राकडे नाही. तिथल्या कासवमित्रांना आणि ग्रामपंचायतीला आधी विचारा की शेकोटी कुठे चालते, चालते तरी का. नको म्हणाले तर हट्ट करू नका. ते लोक किनारा सांभाळतात, आपण एका रात्रीचे पाहुणे.

कोणाला भाजलंच तर नावाड्याने केलं तेच करायचं. वाहतं किंवा ओतलेलं साधं गार पाणी, पूर्ण २० मिनिटं. बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही. अंगठी, पैंजण लगेच काढायचे, नंतर सूज येते. कपडा चिकटला असेल तर ओढायचा नाही. कपड्याने पेट घेतला तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं. १०८ ला फोन. म्हणून प्यायचं पाणी जास्तीचं न्या, समुद्राच्या पाण्यावर विसंबू नका.

सकाळी निघण्याआधी एकदा चप्पल घालून त्या जागेवर जा. गार झालेले कोळसे, अर्धी लाकडं, ॲल्युमिनियम फॉइल, बाटल्या सगळं पिशवीत भरून आणा. आणि वाळूत हात घालून बघ. मी हे परत लिहितोय, मला कळतंय. तरी बघ.

भरीत कसं झालं ते सांग. तुझ्या मैत्रिणींना तिखट झेपणार नाही, मिरच्या बेताने घे. आजीला समुद्राचा आवाज ऐकायचा आहे, जमलं तर फोनवर रेकॉर्ड करून आण. तिला मी सांगितलंय की वैशू आणेल.

तुझे,
पप्पा

ता. क. मम्मी सांगतेय की जाळाजवळ तो नायलॉनचा ट्रॅकसूट घालून बसू नकोस, सुती कुर्ता घाल आणि ओढणी गाडीतच ठेव. किनाऱ्यावर रेंज नसेल तर शनिवारी फोन नाही आला तरी मी समजून घेईन. रविवारी दापोलीत आल्यावर मात्र आधी घरी लाव, मग चहा पी.