शब्द सर्व विषयांचे, ते शिकवणारे मात्र कोणीच नाही

महोदय,

विद्यार्थ्यांच्या चुकांचे खापर बहुधा विषयाच्या काठिण्यावर फोडले जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा अडते ते प्रश्नातील एका शब्दावर. ‘प्रमाण’ हाच शब्द पाहा. गणितात तो दोन गुणोत्तरांची समानता सांगतो, भूगोलात ‘प्रमाणवेळ’ म्हणून भेटतो, भाषेच्या तासाला ‘प्रमाणभाषा’ होतो आणि विज्ञानात पाण्यातील क्षारांचे प्रमाण मोजायला लावतो. माझ्या मुलीने ‘कारणमीमांसा करा’ या प्रश्नाखाली नुसते वर्णन लिहिले होते. धडा तिला तोंडपाठ होता, ‘मीमांसा’ म्हणजे काय हे मात्र कोणीच उलगडून सांगितले नव्हते. ‘निष्कर्ष’, ‘घटक’, ‘गृहीतक’ यांचेही तेच.

इंग्रजीसाठी अनेक विषयांत येणाऱ्या अशा शब्दांच्या ५७० शब्दकुलांची (म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांच्या गटांची) यादी २००० साली प्रसिद्ध झाली, परंतु यादी घोकून घेणे (आपली आवडती सवय!) हा उपाय नव्हे. एकच शब्द एकाच आठवड्यात दोन-तीन विषयांच्या तासांना मुद्दाम वापरायचा, त्याच्या अर्थातील फरक फळ्यावर शेजारी-शेजारी मांडायचा आणि मुलांकडून तो शब्द त्यांच्या स्वतःच्या वाक्यांत लिहून घ्यायचा, एवढे तरी शिक्षकांनी आपसांत ठरवून पाहावे.

– एक पालक