लाकडाच्या विमानाबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, फोनवर मी "लाकडाचं विमान" म्हणाले आणि तू एकदम गप्प झालीस. म्हणून हे पत्र. बाबा, तुम्ही आयुष्यभर सुतारकाम केलंत, तेव्हा तिला तुम्हीच समजावा.

विमानाचं नाव जोदेल. इथे फ्रान्समध्ये आमच्या दिजों शहराजवळ बोन नावाचं गाव आहे, वाइनसाठी प्रसिद्ध. तिथे १९४६ साली एदुआर जोली आणि त्यांचे जावई जाँ देलेमाँतेझ यांनी कंपनी काढली. पहिलं विमान, डी-९, जानेवारी १९४८मध्ये उडालं. एकाच माणसाचं, इंजिन जेमतेम २५ अश्वशक्तीचं, हौशी माणसाला घरी बांधता येईल असं. मग फ्लाइंग क्लबांसाठी दोघांचं डी-११ आलं. त्याचाच ६५ अश्वशक्तीचा भाऊ डी-११२. मी बसते ते हे. पुढे ९० अश्वशक्तीचं डी-११७ आलं, वासमेर कंपनीचं डी-१२० 'पारी-नीस' आलं. आकड्यांचा हा गोंधळ माझ्याही डोक्यात मावत नाही.

पण बाबा, पंख तुम्ही बघायलाच हवा. आतली मुख्य तुळई या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध, बसायच्या जागेखालून जाते. मधला भाग सपाट आणि सारख्या रुंदीचा, त्यामुळे तिथल्या फासळ्या एकाच मापाच्या. एक साचा केला की झालं! फक्त टोकांकडचे भाग १४ अंशांनी वर उचललेत. त्यानं विमान कलंडलं तरी स्वतःच सावरू बघतं. शिवाय टोकांना किंचित पीळ दिलाय, म्हणजे वेग फार कमी होऊन पंखाची उचल जायला लागली तरी टोकं सर्वांत शेवटी हार मानतात. आई, हे वाक्य दोनदा वाच.

लाकूड स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाचं, वर प्लायवूड आणि ताणून बसवलेलं कापड. शत्रू एकच, ओल. पाणी साचू नये म्हणून पंखाला खालून भोकं ठेवलेली असतात आणि तपासणीत सांधे बारकाईनं बघतात. सरसाचा सांधा आतून सुटला असेल तर तुम्ही नुसती टकटक करून ओळखता ना? क्लबातले मेकॅनिकही तसंच वाजवून बघतात. मला मात्र सगळे आवाज सारखेच वाटतात. रविवारी फोन करीन तेव्हा नेमकं काय ऐकायचं ते सांगा.

तुमची,
मनू