घरी येणाऱ्या डॉक्टरांच्या बॅगेत ॲड्रेनालिन हवेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुले पुण्या-मुंबईला आणि थकलेले आई-वडील इथे, अशी घरे सोलापुरातील पेठांत आणि जुळे सोलापुरात पुष्कळ आहेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दवाखान्यात नेणे-आणणे झेपत नाही, म्हणून डॉक्टरांना घरी बोलावले जाते आणि इंजेक्शन, सलाईनही घरीच दिले जाते. ही सोय हवीच आहे. मात्र जे डॉक्टर घरी इंजेक्शन देतात, त्यांच्या बॅगेत त्या इंजेक्शनची रिॲक्शन आल्यास लागणारे औषधही असले पाहिजे. औषधाच्या दुकानात आयुष्य गेलेला माणूस म्हणून हे कळकळीने लिहीत आहे.

अँटिबायोटिकचे इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली, रक्तदाब कोसळू लागला, तर पहिले औषध ॲड्रेनालिनच. प्रौढ रुग्णाला १ मिलीच्या अँप्युलमधील (काचेच्या सीलबंद कुपीतील) अर्धा मिली, म्हणजे ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत देतात आणि गरज भासल्यास ५ मिनिटांनी पुन्हा देतात. माझ्या पाहण्यातील बॅगांत एव्हिल (ॲलर्जीवरचे औषध) आणि डेक्सा (स्टेरॉइड) हमखास असे, ॲड्रेनालिन मात्र क्वचितच. ती दोन्ही औषधे मागाहून उपयोगी पडतीलही, पण आवळत चाललेली श्वासनलिका आणि खाली गेलेला रक्तदाब त्यांनी वेळेत सावरत नाही. १०८ ला फोन केल्यानंतर रुग्णवाहिका बोळातून वाट काढत येईपर्यंतचा वेळ या एका अँप्युलवरच निभावायचा असतो. तिच्या जोडीला योग्य सिरिंज आणि सुई एकाच पाकिटात ठेवावी, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध होणार नाही.

हे औषध महागही नाही. अडचण अशी, की ते क्वचित लागते आणि म्हणून बॅगेत पडून राहते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, बॅग दुपारभर गाडीच्या डिकीत असते, आणि वेष्टनावर तर २५ किंवा ३० अंशांखाली, उजेडापासून दूर ठेवण्याची सूचना छापलेली असते. अँप्युल उजेडासमोर धरून पाहावी. द्रावण पाण्यासारखे नितळ हवे, आणि त्यात गुलाबी किंवा तपकिरी झाक आली असेल तर मुदत शिल्लक असली तरी ती टाकून द्यावी. नितळ दिसते म्हणून औषधाची ताकद शाबूत आहे असेही धरून चालू नये. उन्हाळ्यात बॅग गाडीत न सोडणे, हाच खरा उपाय आहे.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्याही अशाच उन्हात बिघडतात. इन्सुलिन घेऊन उपवास धरलेली आजी रक्तातील साखर उतरल्याने घामाघूम होऊन बरळू लागली, की घरच्यांना तो लकव्याचा झटका वाटतो; बोटातील रक्ताच्या एका थेंबाने उलगडा होऊ शकतो. नीट शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर साखरेचे पाणी पुरते, नाहीतर शिरेतून डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) द्यावे लागते, आणि तेही बॅगेत हवे. ॲस्पिरिन आणि दम्याचा पंप बहुतेकांकडे असतो, त्याबद्दल अधिक लिहीत नाही. एवढेच, की छातीत दुखते म्हटल्याबरोबर रक्तदाब न मोजता जिभेखाली सॉर्बिट्रेट ही रक्तदाब उतरवणारी गोळी ठेवण्याची घाई करू नये.

औषधे जवळ बाळगणे कायद्यात बसते का, अशी शंका काही तरुण डॉक्टर विचारतात. १९४५ च्या औषध नियमांतील ‘अनुसूची के’ नुसार नोंदणीकृत डॉक्टरांना स्वतःच्या रुग्णांसाठी औषधे ठेवता येतात, दुकान थाटता येत नाही. आकडीच्या (फिट्सच्या) झटक्यांवरील मिडाझोलमसारख्या औषधांची नोंद मात्र काटेकोर ठेवावी.

औषध विक्रेत्यांनी या कामी पुढे यावे. ॲड्रेनालिनचा आख्खा बॉक्स घ्यावा लागतो म्हणून डॉक्टर टाळतात. तेव्हा बॉक्स फोडून दोन-तीन अँप्युल द्याव्यात, बिलावर बॅच क्रमांक आणि मुदत लिहावी आणि मृग लागला की, म्हणजे उन्हाळा सरताच, बॅगेतील ॲड्रेनालिन मुदतीकडे न पाहता बदलण्याची आठवण डॉक्टरांना करावी. शहरातील डॉक्टरांच्या आणि औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी एकत्र बसून येत्या जूनपासून ही पद्धत सुरू करावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त औषध विक्रेता, सोलापूर