एना बर्टोल्डी, मार्टिनेटी आणि वीस सेकंदांची कसरत

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. अगदी सुरुवातीच्या मूकपटांत कुस्तीगीर, नर्तकी आणि अंग वाकवून दाखवणारे कसरतपटूच इतके का दिसतात, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. कसरतपटूंपुरते उत्तर देतो, कारण मला स्वतःला त्यांचेच आकर्षण अधिक आहे.

१४ एप्रिल १८९४ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एडिसनच्या किनेटोस्कोपचे, म्हणजे एकेकट्याने डोकावून हलती चित्रे पाहायच्या यंत्राचे, पहिले दालन उघडले, तेव्हा तिथे दहा यंत्रे होती आणि २५ सेंट दिले की पाच यंत्रांच्या एका रांगेत डोकावून पाहता येत असे. त्या दहा चित्रफितींपैकी दोन एना बर्टोल्डी या इंग्रज कसरतपटू स्त्रीच्या होत्या. एकीत ती तोंडाच्या आधारावर शरीर तोलते आणि दुसरीत टेबलावर अंगाच्या घड्या घालते. त्याच दालनात युजेन सँडो या पहिलवानाचीही फीत होती. चित्रपटाचा इतिहास लिहिणारे सँडोचे स्नायू रंगवून सांगतात आणि बर्टोल्डीला ओझरत्या उल्लेखात आटोपतात, हे मला पटत नाही. पहिल्या दिवशी त्याच्या वाट्याला एक यंत्र आले होते, तिच्या वाट्याला दोन.

कसरतपटूंना असे झुकते माप मिळण्यामागे यंत्राची अडचण होती. न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे १८९३ मध्ये उभारलेल्या ‘ब्लॅक मारिया’ या स्टुडिओच्या भिंती डांबरी कागदाने मढवलेल्या होत्या. छप्पर उघडून ऊन आत घ्यायचे आणि सूर्य सरकेल तशी सगळी इमारतच गोल रुळावर फिरवायची, अशी योजना होती. डिक्सन आणि हाइझ या एडिसनच्या सहकाऱ्यांचा कॅमेरा मात्र जड आणि एका जागी खिळलेला होता. धावणारा माणूस क्षणात चौकटीबाहेर गेला असता, पण कॉन्टॉर्शनिस्टचे, म्हणजे अंग वाकवून दाखवणाऱ्याचे, सगळे नाट्य त्याच्या स्वतःच्या शरीरात घडते. त्याला ना जागा लागत, ना संवाद, आणि काळ्या पडद्यापुढे शरीराची प्रत्येक रेषा स्वच्छ उठून दिसे. (आपल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीच चित्रित केली, हे इथे सहज आठवले.)

११ ऑक्टोबर १८९४ रोजी चित्रित झालेली लुईस मार्टिनेटीची फीत तू पाहावीस. वाघाच्या पट्ट्यांचा घट्ट पोशाख घातलेला मार्टिनेटी दोन टांगत्या कड्यांवर शरीराला पीळ देतो. फीत सुमारे पन्नास फुटांची आणि वेग सेकंदाला चाळीस चित्रांच्या आसपास, त्यामुळे सगळा खेळ वीसेक सेकंदांत संपतो. इथेच मला खटकते. व्हॉडव्हिलच्या, म्हणजे गाणी, विनोद, कसरती अशा फुटकळ खेळांच्या, रंगमंचावरचा कसरतपटू, डोंबारी दोरीवर मध्येच थबकतो तसा, एखादी अवघड स्थिती प्रेक्षक अस्वस्थ होईपर्यंत धरून ठेवू शकतो. फितीवर त्याला तेवढी उसंतच नव्हती. पुढे २३ एप्रिल १८९६ रोजी न्यूयॉर्कच्या कोस्टर अँड बिआलच्या नाट्यगृहात पडद्यावर चित्रे दाखवली गेली आणि हळूहळू व्हॉडव्हिलच्या कार्यक्रमपत्रिकेत चित्रपट हाही एक ‘आयटम’ झाला.

पण या कसरतपटूंचे खरे नुकसान, माझ्या मते, कॅमेऱ्याच्या हातचलाखीने केले. सेगुंदो द शोमोन या स्पॅनिश दिग्दर्शकाने १९०७ मध्ये पाते या फ्रेंच चित्रपट कंपनीसाठी ‘किरिकी’ नावाच्या जपानी कसरतपटूंची गमतीदार फीत काढली. त्यात जपानी वेशातले नट काळ्या जमिनीवर चक्क आडवे पडलेले आहेत आणि कॅमेरा वरून खाली पाहतो आहे, त्यामुळे एकावर एक रचलेले अशक्य मनोरे सहज उभे राहतात. फीत विलक्षण विनोदी आहे, मी ती आवडीने पाहतो. पण मार्टिनेटीची सारी मातब्बरी ‘हे खरोखर घडले’ या विश्वासावर उभी होती आणि तो विश्वासच अशा फितींनी पोखरला.

म्हणून आधी मार्टिनेटी पाहा आणि मग किरिकी. क्रम उलटा केलास, तर त्या बिचाऱ्याच्या कड्यांपाशीही तू काही लपवले आहे का, हेच शोधत बसशील.

कळावे, लोभ असावा.

तुझा मित्र